हात धोईसन ये

मला हात देणाऱ्या बाईचं नाव आधी सांगून टाकते, नाहीतर पुढे माझ्या बडबडीत ते मागे पडायचं. कुसुम भावसार. धुळ्याला देवपुरात सायकलच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. सगळं देवपूर त्यांना अक्का म्हणायचं. माघारी आणखीही बरंच काही म्हणायचं, कारण अक्कांच्या तोंडी लागणं म्हणजे आग्यामोहोळाला दगड मारणं. तो दगड मी कधी मारला नाही. मी होते भित्री, आणि आजही आहेच.

आज मी हुबळीला असते. जळगावच्या ज्या पाइप कारखान्यात मी लागले, त्यांनी इकडे गोदाम काढलं आणि मालाचा हिशेब संगणकावर ठेवायला मला पाठवलं. इथली भाषा मला अजून नीट येत नाही. दुपारी डबा उघडला की ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची आठवण येते आणि घास फिरतो. मुख्य कार्यालयातून कोणी साहेब आला आणि सहज म्हणाला, "मॅडम, तुमचं शिक्षण कुठलं?" की मी समोरची फाइल चाळायला लागते. मी म्हणते, "देवपूरला झालं." साहेब मान डोलावतात. देवपुरात कॉलेजं पुष्कळ आहेत. माझं नाव त्यातल्या एकाच्याही पटावर नव्हतं, हे त्यांना काय ठाऊक!

आमचं गाव शिरपूरच्याही वर, सातपुड्याच्या पायथ्याला. नववीत असताना आई अंथरुणाला खिळली, मी घरी बसले आणि परत शाळेत गेलेच नाही. आई गेल्यावर थोरल्या भावाने मला धुळ्याला आणलं. तो एका सरकारी कार्यालयात शिपाई होता. वडलांनी, आबांनी, त्याला बजावलं होतं, "दिवाळीले मी येसू. तिले काम लागनं तं राहू दे. नही तं परत लई जासू." परत म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. पाऊस पडला तर ज्वारी, नाही पडला तर डिंक-चारोळी गोळा करत डोंगर हिंडायचं, आणि तेही नसलं तर दुसऱ्याच्या बांधावर मजुरी. मला परत जायचं नव्हतं. पण राहायचं कशाच्या जोरावर, हे मला सांगता येत नव्हतं.

भाऊ मला अक्कांच्या माडीवर घेऊन गेला तो दिवस आठवतो. अक्का खिडकीशी बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, ठेंगण्या, नऊवारी करकचून नेसलेल्या. भावाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"कितवी?"

"नववी," मी म्हटलं.

"पास?"

"परीक्षेलाच बसले नाही."

"इंग्रजी?"

"अक्षरं येतात फक्त."

भाऊ मध्येच म्हणाला, "शिकेल ती अक्का, हुशार आहे."

"तू गप. तुला शिकायचंय का?" मग मला म्हणाल्या, "हात दाखव."

भरताचं वांगं पारखावं तसे माझे हात त्यांनी उलटेसुलटे करून बघितले. "दहा बोटं शेतस ना? मंग झालं. जा, हात धोईसन ये."

धुळ्यात शिकलेल्या लोकांशी अक्का एकदम छापील मराठी बोलायच्या. आमच्याशी मात्र घरची अहिराणी. मला वाटायचं, आम्हाला कमी लेखतात म्हणून. नंतर कळलं, छापील मराठी त्या फक्त भांडणासाठी राखून ठेवायच्या.

माडीच्या कोपऱ्यात मोरी होती. बादली, लोटा आणि करवंटीत ठेवलेली लाल साबणाची वडी. दारावर पाटी होती: 'चपला काढू नयेत. हात धुवावेत.' येणारा-जाणारा ती वाचून हसायचा. अक्का म्हणायच्या, "मशीनला माणसाचा पाय लागत नाही, हात लागतो. मग स्वच्छ काय पाहिजे?" कोणी कितीही घाईत असो, कोणाच्या घरची असो, हात धुतल्याशिवाय टाइपरायटरला बोट लावायचं नाही. आणि धुतल्यावर मात्र कोणीही लावावं. वकिलाची मुलगी आणि मी एकाच मोरीवर हात धुवायचो आणि एकाच बाकावर बसायचो. धुळ्यात त्या काळी अशी दुसरी जागा मला तरी माहीत नव्हती.

अक्कांना कोणाचं नाव लक्षात राहायचं नाही, किंवा ठेवायचं नसायचं. ज्याचं जे बटण चुकायचं, तेच त्याचं नाव. एक होती 'शिफ्ट', एक होता 'कॉमा'. माझी उजवी करंगळी जात्याच दुबळी, आणि त्या बोटाखाली येतं सेमीकोलन. मी कायमची सेमीकोलन झाले. अक्का आमच्याकडे पाठ करून खिडकीतून रस्ता बघत सुपारी कातरायच्या. मागे आम्ही सगळे एकदम खडखड करत असायचो. त्या गदारोळातून आवाज यायचा, "सेमीकोलन! करंगळी झोपनी का वं?" मान वळवायच्या नाहीत. अंबाड्यात यांना तिसरा डोळा आहे अशी माझी खात्री पटली होती.

एकदा भीतभीत विचारलं, "अक्का, मी काय टाइप करते ते मला कळतच नाही. इंग्रजी येत नाही ना."

"पोस्टमन पत्रं वाचस का?"

"नाही."

"तरी पोचाडस ना?"

त्यानंतर मी विचारलं नाही. माझी बोटं इंग्रजी पोचवायला लागली.

त्याच वर्षी देवपुरातल्या एका कॉलेजात संगणक आले. त्याचा गाजावाजा काय वर्णावा! मांडव, सनई, रांगोळीत संगणकाचं चित्र. गावातला सगळ्यात जुना टायपिंग क्लास म्हणून अक्कांना बोलावणं होतं. त्यांच्याबरोबर आम्ही दोघी-तिघी गेलो. पाहुण्यांचं भाषण मला अजून आठवतं. ते म्हणाले, "आजपासून आपल्या खेड्यातलं मूल आणि अमेरिकेतलं मूल यांच्यात काही अंतर राहिलं नाही." टाळ्या झाल्या. खेड्यातलं मूल त्या वेळी दाराबाहेर पाहुण्यांच्या चपलांवर लक्ष ठेवत उभं होतं.

संगणक कक्षाला थंड हवेचं यंत्र, जाड पडदे, खाली गालिचा. दाराशी चपलांचं मोठं लोखंडी कपाट. प्रत्येक संगणकावर मखमलीचं झाकण, त्याला सोनेरी किनार. शिंप्याकडून माप देऊन शिवून घेतलेलं. कक्षप्रमुख पायमोज्यांवर, आवाज न करता फिरायचे आणि हळू आवाजात बोलायचे. अक्कांनी बाहेरूनच मान घालून बघितलं आणि आम्हाला म्हणाल्या, "गाभारा झक्क शे. पुजारी बी झक्क शे." तेव्हापासून कक्षप्रमुख आमच्यात पुजारी झाले. चपला काढायला अक्कांनी नकार दिला आणि पेढा न खाता त्या परत आल्या.

त्या कक्षात जी मुलं शिकायला जायची, ती आमच्या जिन्याखाली सायकली लावायची, म्हणून आम्हाला आतल्या बातम्या कळायच्या. दहावी पास पाहिजे. आधी 'थिअरी'. संगणकाचा इतिहास, संगणकाचे भाग, संगणकाचे फायदे. सगळं फळ्यावरून उतरवून घ्यायचं. घरचा अभ्यास म्हणून वहीत संगणकाचं चित्र काढून ते रंगवून आणायचं. झाकण काढायचे ते पुजारी, बटण दाबायचे ते पुजारी, आणि मुलांनी गालिच्यावर मांडी घालून मागून बघायचं.

अक्का हसून हसून बेजार झाल्या. "पव्हाले शिकाडतस आन् पांझरा नदीना फोटू काढी लेतस!"

आणि वीज गेली की मग तर विचारूच नका. धुळ्यात वीज जायचीच. सायकलींजवळ येऊन मुलं उभी राहायची. अक्का खिडकीतून ओरडायच्या, "काय रे, झोपना का देव?" आणि आमच्याकडे वळून, "हाणा रे जोऱ्यात!" आम्ही मग मुद्दाम खडखडाट करायचो. त्यांचा देव झोपलेला आणि आमची लोखंडी खेचरं धावतायत. त्या वयात असल्या गोष्टीचा फार आनंद होतो.

श्रावण सरता सरता जळगावहून निरोप आला. तिथल्या एका पाइप कारखान्यात चौधरी भाऊ हेडक्लार्क होते. ते अक्कांचे जुने विद्यार्थी, त्यांच्या वेळचे 'कॉमा'. कार्यालयात संगणकावर बिलं चढवायला एक मुलगी हवी होती. "सर्टिफिकीट नको, बोटं पळणारी पाठवा," असं त्यांनी कळवलं होतं. अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. भाऊ खूश, वहिनी खूश. वहिनीने तर मी निघाले असं समजून माझी पत्र्याची पेटी पुसून ठेवली.

जळगावला एसटीने गेले. संगणक मी जवळून पहिल्यांदा बघितला तो तिथे. झाकण नव्हतं, चहाचा कप शेजारी ठेवलेला. साहेबांनी समोर एक कागद ठेवला आणि म्हणाले, "कर सुरू."

मी हात धुऊन आलेच होते. डोळे कागदावर ठेवले आणि सुटले. पडद्याकडे बघायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. यंत्र आत कुठेतरी अडकून बसलं होतं, माझं काहीच घेत नव्हतं, आणि मी मारतच होते. शेवटी ते ओरडलं: टुंई!

टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते. घंटी वाजली की डावा हात वर जातो, दांडी धरतो आणि कागदाची गाडी सर्रकन उजवीकडे ढकलतो. कित्येक महिने घोटून घोटून अक्कांनी तो हात तयार केला होता. घंटी ऐकली की तो मला विचारायला थांबत नसे. तो उठला, दांडी शोधायला गेला, दांडी नव्हती. त्याने संगणकाच्या थोबाडात मारली.

यंत्र पुन्हा ओरडलं. मी पुन्हा मारली. टुंई, फाट. टुंई, फाट. सगळं कार्यालय उभं राहून बघत होतं. साहेब म्हणाले, "अहो चौधरी, ही मुलगी बिलं चढवायला आणलीत की संगणकाला शिस्त लावायला?"

चौधरी भाऊंनी हात जोडले. "साहेब, बोटं बघा, काय पळतात. संगणक फक्त बघितला नाही तिने कधी."

"मग बघून येऊ दे. दसरा झाल्यावर एकदा बघू. तेव्हा हात उचलला तर मात्र संपलं."

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून रडले. संगणक बघून येऊ दे म्हणे! जणू काही देवपुरात तो झाडाला लागला होता.

अक्कांना सांगितलं. त्या आधी इतक्या हसल्या की अडकित्ता खाली पडला. मग तो उचलून ठेवला. म्हणाल्या, "गाडीवान मोटारमा बठना तरी कासरा शोधस. चूक तुनी नही." थोड्या वेळाने, "चल," म्हणाल्या, आणि पदर खोचला.

पुजाऱ्यांसमोर अक्कांनी छापील मराठी काढली, तेव्हाच मी ओळखलं की आता रक्त निघणार.

"या मुलीला तासभर तुमच्या संगणकावर बसवायचं आहे."

"विद्यार्थ्यांखेरीज कोणाला बसता येत नाही, बाई."

"मग करा विद्यार्थी."

"दहावी झालीय का?" माझी मान खाली. ते समजुतीने हसले. "असं आहे, ही फार नाजूक यंत्रं आहेत. पाया पक्का नसलेल्या हातात देऊन कसं चालेल? अशा मुलांसाठी पुढे काही योजना येणारच आहे."

"मी मॅट्रिक आहे," अक्का म्हणाल्या.

"बरं मग?"

"माझं नाव घाला. वयाची अट लिहिलेली दिसली नाही कुठे."

पुजाऱ्यांना ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी अक्का दाराशी हजर झाल्या, तेव्हा वाटेनाशी झाली. चपलांचा प्रश्न अक्कांनी असा सोडवला: रस्त्यावरच्या चपला कपाटात ठेवल्या, पिशवीतून कोऱ्या चपला काढल्या आणि त्या घालून गालिच्यावरून चालत गेल्या. पुजारी धावले. अक्का म्हणाल्या, "या अजून जमिनीला लागलेल्या नाहीत. तुमच्या मोज्यांना दोन ठिकाणी भोकं आहेत. आता सांगा, कोणाचा विटाळ जास्त?"

त्या रोज जायच्या आणि आल्यावर माडीवर आम्हाला सगळा तास करून दाखवायच्या. पुजाऱ्यांसारखं हळू बोलत, पावलं न वाजवता. चित्र रंगवून आणायला सांगितलं, तेव्हा अक्कांनी वहीत एक उंचवटा काढला आणि खाली सोनेरी किनार. पुजारी म्हणाले, "हे काय?" अक्का म्हणाल्या, "जे दिसलं ते. झाकण चांगलं आलंय का?"

हसण्यात दिवस जात होते, पण माझं हसू ओठापुरतंच. दसरा जवळ येत होता, आबांचं येणं त्यामागोमाग. आणि मी अजून एका बटणालाही बोट लावलेलं नव्हतं. अक्कासुद्धा विद्यार्थिनी होऊन मागे बसूनच बघत होत्या. प्रत्यक्षाचा तास विचारला की, "पुढच्या आठवड्यात." वहिनी मला आता कामं सांगताना 'जाईपर्यंत' असा शब्द वापरायला लागली होती.

खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं-अवजारं पूजेला मांडतात आणि हात लावत नाहीत. अक्का दरवर्षी उलटं करायच्या. त्या दिवशी आम्हा सगळ्यांकडून मशीनं उघडून घासूनपुसून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हीच पूजा." त्या वर्षी मात्र दुपारी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि कॉलेजात गेल्या.

कक्षात संगणकांना झेंडूचे हार. पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक. बटणांवर फुलांच्या पाकळ्या आणि अक्षता. नारळ फुटलेला. संस्थेचे सचिव पाहुण्यांना घेऊन उभे होते, पेढ्यांचं ताट फिरत होतं.

अक्का सरळ पुढे गेल्या. "माझा प्रत्यक्षाचा तास राहिलाय."

पुजारी दचकले. "आज? आज पूजेला बसवलंय बाई. आज हात लावायचा नसतो."

"आज नाही लावायचा. काल लावायचा होता?"

"तसं नाही..."

"परवा? मागच्या महिन्यात? तुमच्या माहितीपत्रकात लिहिलंय, दर आठवड्याला एक तास प्रत्यक्ष. माझा कुठला आठवडा अजून आलाच नाही. इथे तर रोजच खंडेनवमी आहे!"

पाहुणे थांबून ऐकायला लागले. सचिवांच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. ते घाईने म्हणाले, "अहो, बसू द्या त्यांना. शिकायच्या उत्साहाला आपण अडवायचं नसतं." पाहुण्यांसमोर असं म्हणावं लागतं.

अक्का खुर्चीपाशी गेल्या आणि थांबल्या. "मला मोतीबिंदू आहे. पडद्यावरचं दिसत नाही. ही माझी बोटं. ही दाबेल, मी शिकेन."

"मोतीबिंदू?" पुजारी म्हणाले. "परवा तर माझ्या मोज्यांची भोकं मोजलीत!"

"भोकं मोठी होती."

पाहुणेच हसले, त्यामुळे पुजाऱ्यांना काही बोलता येईना. मीही मनात म्हटलं, काय नाटकी बाई आहे ही!

"जा, हात धोईसन ये," अक्का म्हणाल्या.

मी बाहेर गेले आणि हिंडून परत आले. त्या कक्षाला चपलांचं कपाट होतं, पाण्याचा नळ नव्हता. तशी गरजच कधी पडली नव्हती. अक्कांनी एक क्षण इकडेतिकडे बघितलं, पूजेतला तांब्याचा गडू उचलला आणि पायरीवर माझ्या हातांवर पाणी ओतलं. कोणाची 'अहो बाई' म्हणायची हिंमत झाली नाही.

मी बसले. बटणांवरच्या पाकळ्या फुंकरीने बाजूला केल्या. पुजाऱ्यांनी नाइलाजाने यंत्र सुरू केलं. अक्का माझ्या डाव्या अंगाला उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझं डावं मनगट धरलं. हात नाही, फक्त मनगट, बोटं मोकळी. "हान."

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायला लागली. ओळ संपत आली. घंटी वाजली नाही, तरी माझा डावा हात उठला. अक्कांनी दाबून खाली बसवला. "आठे ओळ आपली आपली वळस. पुजारीनी तेवढं तं शिकाडं." पुन्हा ओळ, पुन्हा हात, पुन्हा दाब. माझं मनगट दुखायला लागलं, त्यांचाही हात दुखत असणार. बाहेर चहा झाला, पाहुणे गेले, झेंडूचा वास गार हवेत दाटला. ओळीमागून ओळी. कधीतरी मला जाणवलं की अक्कांची पकड आहे, पण दाब नाही.

आणि वीज गेली. हिरवी अक्षरं पुसली गेली, थंड हवेचं यंत्र घरघरून थांबलं. पुजाऱ्यांना हायसं वाटलं. "बघा, आता इलाज नाही."

"थांबू नको," अक्का मला म्हणाल्या.

"अहो पण बंद आहे ते!" पुजारी ओरडले.

"तुमचा देव झोपलाय. तिची बोटं जागी आहेत."

मी त्या मेलेल्या यंत्रावर टाइप करत राहिले. काळ्या पडद्यात काही उमटत नव्हतं. अक्कांनी माझं मनगट सोडून दिलं. ओळ संपली असावी असं वाटलं तिथे माझा हात जरासा थरथरला, आणि खालीच राहिला.

जळगावला दसऱ्यानंतर गेले. साहेब खुर्ची मागे सरकवून, जरा लांबच उभे राहिले होते. यंत्र एकदा ओरडलंसुद्धा. माझ्या डाव्या मनगटाला कोणीतरी धरलंय असंच मला वाटत होतं. चौधरी भाऊंनी शेवटी मोठ्याने श्वास सोडला, तेव्हा मला कळलं की संपलं आणि जमलं.

दिवाळीला आबा न्यायला आले ते मला जळगावला पोचवून गेले. कार्यालयाच्या दारातून त्यांनी बराच वेळ माझं टेबल बघितलं. एवढंच विचारलं, "चावत नही ना ते?"

नंतरच्या वर्षांत पुष्कळ ऐकलं. कारखान्यात शिबिरं झाली, कार्यालयात भित्तिपत्रकं लागली. गावोगावी संगणक, घरोघरी ज्ञान. कोट घातलेले लोक येतात, खेडं आणि शहर यातलं अंतर कसं मिटवायचं ते पडद्यावर चित्रं दाखवून सांगतात आणि मुक्कामाला हॉटेलात जातात. मी मागच्या रांगेत बसते. त्यांच्यातल्या एकालाही मी कधी विचारलेलं नाही की बुवा, तुमच्या त्या केंद्राला नळ आहे का? विचारायचं मनात असतं. पण मग ते माझं शिक्षण विचारतील.

गेल्या उन्हाळ्यात चुलतबहिणीच्या लग्नाला गावी जाताना धुळ्याला उतरले. कॉलेजात नवे संगणक आले होते, नवा कक्ष झाला होता. कपाट तेच, फक्त रंग दिलेला. माडीची पाटी तशीच होती. वर बाकांवर मुली बसल्या होत्या, साक्रीकडच्या, शिरपूरकडच्या, माझ्यासारख्याच. टाइपरायटर दोन-तीनच उरले होते. बाकी बाकांवर संगणकाचे कीबोर्ड. पिवळे पडलेले, कोणाची बटणं उडालेली, तारा बाकाखाली लोंबत होत्या. पडदा नाही, यंत्र नाही, कशालाच काही जोडलेलं नाही. कॉलेजने जुने संगणक भंगारात काढले होते आणि अक्कांनी भंगारवाल्याकडून कीबोर्ड तेवढे उचलून आणले होते. त्या मुली हात धुऊन बसल्या होत्या आणि शून्यात टाइप करत होत्या.

अक्का खिडकीशी होत्या, पण रस्ता बघत नव्हत्या. दोन्ही डोळ्यांत दुधाळ पडदा. नाटक नव्हतं ते. त्या दुपारी झेंडूच्या ढिगापाशी त्या खरंच बोलल्या होत्या, आणि आम्ही सगळे हसलो होतो. मग आमच्या चुका त्या आमच्याकडे पाठ करून कशा पकडायच्या, तेही मला तिथे उभ्या उभ्या उमगलं.

मी हाक न मारता आत गेले. मोरीवर हात धुतले, साबणाची वडी अजून लालच, आणि रिकाम्या बाकावर बसून एका मेलेल्या कीबोर्डवर बोटं ठेवली. खोलीत आधीच खडखडाट चालला होता. मी त्यात माझा मिसळला. चार ओळी झाल्या असतील.

अडकित्ता थांबला.

"सेमीकोलन?"

"हो अक्का."

"करंगळी आजून झोपेलच शे."

मी रडत होते आणि हसतही होते. त्यांनी हाताने खुणावून जवळ बोलावलं, माझं डावं मनगट चाचपलं. "आते कोनले मारत नही ना?"

"नाही, अक्का."

"मंग झालं." आणि बाकांकडे तोंड करून, "ए शिफ्ट, थांबनी काब्र? पाहुनी काय तुना हात चालाडाव शे का?"

शिरपूरची एसटी धरायची होती, म्हणून निघाले. जिन्यावरून वळून बघितलं, तर त्या पुन्हा सुपारी कातरत होत्या आणि मान किंचित तिरकी करून खडखडाट ऐकत होत्या. ज्याला शेवट नाही अशी बिनअक्षरांची ओळ त्या ऐकत होत्या, आणि तीत कुठे चुकतंय ते त्यांना कळत होतं.

अक्का, हे तुम्हाला कोणी वाचून दाखवेल की नाही, ठाऊक नाही. पण लिहून ठेवते. एक दिवस मी हुबळीहून एक अख्खा संगणक घेऊन येईन. माडीवर चढवेन, मधल्या बाकावर ठेवेन, लोंबणाऱ्या तारांतली एक तरी तार कशाला तरी जोडेन. त्याला झाकण शिवणार नाही, हार घालणार नाही. त्या मुलींना एकेक करून बसवेन आणि ज्यांचा हात उठेल त्यांचं मनगट मी धरेन. वीज जाईल तेव्हा जाईल. आणि सगळ्यांच्या आधी तुम्हाला त्या मोरीपाशी नेईन, लोट्याने तुमच्या हातांवर मी पाणी घालेन.